जोखीम आणि ऋण : स्वतःचा धंदा उभारण्यामागचा धर्मविचार

स्वतःचा धंदा सुरू करणाऱ्याला त्याच्या नफ्यावर नैतिक हक्क कशामुळे मिळतो, हा प्रश्न अर्थशास्त्राइतकाच धर्मविचाराचाही आहे. नोकरदाराचा पगार ठरलेला असतो आणि शेतकऱ्याची जमीन बहुधा वाडवडिलांकडून आलेली असते. नवा धंदा काढणारा मात्र घरचे किंवा उसने पैसे अशा कामात घालतो, ज्याला गिऱ्हाईक लाभेल की नाही हे कोणीच सांगू शकत नाही. धंदा बुडाला तर तोटा त्याचा, म्हणून चालला तर नफाही त्याचाच, असा सर्वमान्य न्याय आहे. या न्यायावर तीन शंका निघतात. तोटा खरोखर त्याच्या एकट्याचा असतो काय? जोखीम सर्वांना सारखीच पडते काय? आणि ज्या नफ्याला तो आपला म्हणतो, त्यात दुसऱ्यांचे काय काय मिसळलेले असते? हरसूलसारख्या आदिवासी बाजारगावात या तिन्ही शंका उघड दिसतात, कारण तिथे स्वतःचा धंदा काढणारी पहिलीच पिढी अजून डोळ्यांसमोर आहे.

हरसूलची पार्श्वभूमी

हरसूल हे नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातले, गुजरातच्या सीमेजवळचे गाव. भोवतालच्या डोंगरपाड्यांवर कोकणा, वारली, महादेव कोळी या समाजांची वस्ती आहे. भात, नागली, वरई, उडीद, खुरासणी ही इथली पावसावरची पिके. पाऊस भरपूर पडतो, पण पाणी उतारावरून निघून जाते. सुगी आटोपली की शेतात काम उरत नाही आणि अनेक कुटुंबे द्राक्षबागांतल्या मजुरीसाठी गिरणारे, दिंडोरी, निफाडची वाट धरतात. अशा भागात किराणा दुकान, पिठाची गिरणी, वेल्डिंगचे वर्कशॉप, मोबाइल दुरुस्तीचा गाळा, वडापावची गाडी किंवा प्रवासी जीप सुरू करणे म्हणजे या स्थलांतराला पर्याय शोधणे.

या पट्ट्यातला व्यापार दीर्घकाळ बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यांच्या हाती राहिला. आदिवासी हा धान्य विकणारा, मीठ-कापड घेणारा आणि बहुतेक वेळा देणेकरी असे. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की उचल घ्यायची आणि सुगीला पीक देऊन फेडायची, या व्यवहाराला पालेमोड म्हणत. शेजारच्या, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराच्या घरी राबत. त्या वेठबिगारीविरुद्ध १९४५ मध्ये वारल्यांचा उठाव झाला. महाराष्ट्र शासनाने १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन केले आणि १९७६ च्या कायद्याने आदिवासींकडील शेतमाल व वनोपजाच्या एकाधिकार खरेदीची व्यवस्था आणली, तीही याच शोषणावर उपाय म्हणून. त्यामुळे या भागातला आदिवासी तरुण जेव्हा गल्ल्यावर बसतो, तेव्हा ज्या जागेबद्दल त्याच्या आजोबांच्या मनात धाक होता, त्या जागी तो बसलेला असतो. त्याच्या धंद्याचा नैतिक प्रश्न तिथूनच सुरू होतो.

धंदा उभारण्यातले कष्ट

पहिली अडचण भांडवलाची. बँक तारण मागते आणि खेड्यात तारण म्हणजे जमीन. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६अ नुसार आदिवासीची जमीन विक्री, गहाण किंवा भाडेपट्ट्याने बिगरआदिवासीकडे जाण्यावर कडक निर्बंध आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन तर वारसाने पुढे जाते, पण विकता येत नाही. हे निर्बंध योग्य कारणांसाठी आले. ते नसते तर सावकारांनी डोंगरातल्या जमिनी केव्हाच गिळल्या असत्या. मात्र जी जमीन सहज विकता येत नाही, तिच्यावर मोठे कर्जही सहज मिळत नाही. संरक्षण आणि अडचण एकाच कायद्यातून येतात. शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ, २०१५ ची मुद्रा योजना, २०१६ ची स्टँड-अप इंडिया योजना ही या कोंडीवरची सरकारी उत्तरे आहेत. त्यांच्यापर्यंत पोचायला कागदपत्रे, तालुक्याच्या गावी खेपा आणि वाया जाणाऱ्या दिवसांची मजुरी हे सगळे पदरचेच घालावे लागते.

दुसरी अडचण हंगामाची. गिऱ्हाईकच मजुरीला गावाबाहेर गेलेले असेल तर दुकानात शुकशुकाट असतो, आणि पावसाळ्यात ते गावात असते तेव्हा त्याच्या हातात पैसा नसतो. मग उधारी आलीच. तिसरी अडचण नात्यागोत्याची. पाड्यावरचा प्रत्येक माणूस काका, मामा किंवा सोयरा लागतो. त्याला उधार नाकारले तर माणुसकी सोडल्यासारखे होते आणि दिले तर घाऊक व्यापाऱ्याचे देणे थकते. बाहेरून आलेल्या दुकानदाराला हा पेच इतका बोचत नाही, कारण त्याचे सोयरे त्याच्या वहीत नसतात.

चौथा त्रास हिशेबात दिसत नाही. धंदेवाल्याला सुट्टी नसते. आजारपणात पगार चालू राहत नाही. अपयशाची लाज सगळ्या गावासमोर सोसावी लागते. शिवाय तोटा एकट्याचा नसतो. भांडवलासाठी बायकोचे मंगळसूत्र गहाण पडते, भाऊ जामीन राहतो, थोरल्या मुलीची शाळा सुटून तिला दुकानात बसवले जाते. नफ्याच्या वेळी मालक एक आणि तोट्याच्या वेळी घर सगळे, अशी स्थिती असेल तर ‘जोखीम माझी म्हणून नफा माझा’ या युक्तिवादाचा पाया तिथेच खचतो. पहिल्या शंकेचे उत्तर यात आहे : जोखीम जवळजवळ नेहमीच वाटलेली असते, फक्त तिची वाटणी बोलून दाखवली जात नाही.

धंदा उभारण्यातले लाभ

या कष्टांच्या बदल्यात मिळते तेही थोडे नाही. कोणते काम करायचे, कोणाबरोबर करायचे आणि कोणाला नाही म्हणायचे, हे ठरवण्याची मोकळीक पगारी माणसाला क्वचितच असते. मुकादमाच्या हाकेवर पहाटे उठणाऱ्या मजुराच्या मुलाने स्वतःच्या दुकानाची फळी स्वतःच्या वेळेला उघडणे, यात पैशांपलीकडचा मान आहे. धंद्याला मालकाचे नाव लागते, तो मुलांकडे सोपवता येतो, दुसऱ्या दोघातिघांना काम देता येते. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी’ या जुन्या म्हणीत व्यापाराला मधली जागा मिळाली आहे. कोरडवाहू शेतीवर पोट भरत नसलेल्या डोंगरी भागात तो क्रम प्रत्यक्षात बदललेला दिसतो.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये धोका आणि अनिश्चितता यांत फरक केला. ज्याचा अंदाज बांधून विमा उतरवता येतो तो धोका. ज्याचा अंदाजच बांधता येत नाही ती अनिश्चितता, आणि खरा नफा हा ही अनिश्चितता सोसण्याचा मोबदला असतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. नफा का मिळतो, हे त्यातून कळते. तो किती घेणे योग्य आणि कोणाकडून घेणे योग्य, हे कळत नाही. त्यासाठी धर्मपरंपरांकडे वळावे लागते.

आरंभाचा दोष आणि स्वधर्म

भगवद्गीतेत या विषयावर दोन वरवर विरोधी भूमिका आहेत. बाराव्या अध्यायात भगवंताला प्रिय असणाऱ्या भक्ताचे एक लक्षण असे दिले आहे की त्याने सर्व आरंभ सोडलेले असतात. अठराव्या अध्यायात उलट असे सांगितले आहे की धुराने अग्नी वेढलेला असतो तसा प्रत्येक आरंभ कोणत्या ना कोणत्या दोषाने वेढलेला असतो, म्हणून सहज वाट्याला आलेले कर्म सदोष असले तरी टाकू नये. नवा धंदा हा तर निखळ आरंभ. पहिल्या वचनाप्रमाणे तो सोडावा आणि दुसऱ्याप्रमाणे त्यातला दोष मान्य करून करावा. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मयोगाची बाजू घेतली : सोडायची ती फळाची आसक्ती, कर्म नव्हे.

तरी एक अडचण उरते. गीतेतील व्यापार हे वैश्याचे स्वभावज कर्म आहे आणि परधर्मापेक्षा स्वधर्म बरा असा तिचा आग्रह आहे. धंदा ‘उभारणारा’ माणूस मात्र बहुतेक वेळा वाडवडिलांचे काम सोडूनच उभा राहतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर बनवले आणि १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसवली. ब्राह्मण घरातल्या माणसाने लोखंडाचे काम करावे हे जुन्या स्वधर्माच्या चौकटीत बसणारे नव्हते. गिऱ्हाइकाच्या श्रद्धाही आड येत. लोखंडी नांगराने जमिनीत विष पसरते, अशा समजुतीमुळे सुरुवातीला नांगर खपत नव्हते. स्वधर्म जन्माने ठरतो असे धरले तर नवा धंदा हा अधर्मच ठरेल. तो स्वतःची कुवत, गरज आणि लोकांची निकड यांवरून ठरतो असे धरले तरच गीतेचा उपदेश धंदा काढणाऱ्याला लागू पडतो. आधुनिक महाराष्ट्राने व्यवहारात हा दुसरा अर्थ स्वीकारला आहे.

काय विकावे, काय विकू नये

बौद्ध परंपरेत सम्यक आजीविका हे अष्टांगिक मार्गाचे एक अंग आहे. उपासकाने शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार करू नये असे अंगुत्तर निकायात सांगितले आहे. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सुचवले आहेत : एक उपभोगासाठी, दोन धंद्यात घालण्यासाठी आणि एक अडीअडचणीसाठी. या परंपरेला धनाचे वावडे नाही. जेतवन विहार देणारा अनाथपिंडिक हा श्रेष्ठी होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही दारिद्र्याला पवित्र मानणारा धर्म नाकारला आणि सन्मार्गाने मिळवलेल्या संपत्तीला बुद्धाची मान्यता आहे यावर भर दिला.

जैन श्रावकाला परिग्रहाची मर्यादा ठरवून घेण्याचे व्रत आहे. त्याला निषिद्ध असलेल्या १५ धंद्यांत कोळसा पाडणे आणि जंगल तोडून विकणे यांचा समावेश होतो. सह्याद्रीतली जंगले ज्या धंद्यांनी उजाड केली, त्यांत हे दोन्ही होते. इस्लाममध्ये व्यापार मान्य आणि व्याज निषिद्ध. मुदारबा या भागीदारीत एकाचे भांडवल आणि दुसऱ्याचे श्रम असतात. नफा ठरल्याप्रमाणे वाटला जातो, तोटा झाला तर पैसा भांडवलवाल्याचा जातो आणि कष्ट करणाऱ्याचे कष्ट जातात. जोखीम कोणाची, या प्रश्नाला दिलेले हे अत्यंत स्पष्ट उत्तर आहे : पैसा देणाऱ्याने धंद्याच्या नशिबात सहभागी व्हावे, घेणाऱ्याच्या गळ्यात ठरलेले व्याज अडकवून मोकळे होऊ नये. साठून राहिलेल्या संपत्तीवर अडीच टक्के जकात देण्याचे बंधन त्याच्या जोडीला आहे.

हरसूल परिसरात या निषिद्धांच्या यादीला एक वेगळा पेच पडतो, तो मोहाचा. मोहाची दारू अनेक आदिवासी विधींत देवाला लागते आणि मोहाची फुले हे उन्हाळ्यातल्या मिळकतीचे साधन आहे. दारूबंदीच्या जुन्या नियमांमुळे फुलांच्या संकलनावर आणि साठवणुकीवर दीर्घकाळ निर्बंध होते. महाराष्ट्राने ते २०२१ मध्ये उठवले. देवाच्या नैवेद्यातली दारू आणि गुत्त्यावर विकली जाणारी दारू यांत वस्तू एकच असली तरी व्यवहार दोन आहेत. पहिल्यात वाटून घेणे आहे, तर दुसऱ्यात एकाच्या व्यसनावर दुसऱ्याची मिळकत चालते. त्याच फुलांचे लाडू, मनुके किंवा सरबत करून विकणाऱ्या गटाला हा आक्षेप लागू होत नाही.

देवाचे आणि समाजाचे देणे

वारली समाजात धान्य ही कणसरी देवी मानतात आणि नवे धान्य तिला दाखवल्यावाचून खात नाहीत. पीक हे माणसाच्या कष्टाचे असले तरी केवळ कष्टाचे नाही, हा त्यामागचा विचार. वैदिक परंपरेतही माणूस देव, ऋषी आणि पितर यांचे ऋण घेऊनच जन्मतो असे मानले आहे. दोन्ही विचार एकाच जागी येतात : हाती आलेल्या फळात दुसऱ्यांचे काही असते आणि ते मान्य केल्यावरच भोग निर्दोष होतो.

ही कल्पना धंद्याला कशी लागते, याचे जवळचे उदाहरण वारली चित्रकला आहे. लग्नघरी सवाशिणी भिंतीवर चौक लिहीत. तो विधी होता, विक्रीची वस्तू नव्हती. १९७० च्या दशकात ती चित्रे कागदावर आली, जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या कलावंताला देशाबाहेर कीर्ती मिळाली आणि २०१४ मध्ये वारली चित्रकलेची भौगोलिक निर्देशांक म्हणून नोंद झाली. आज साड्या, कप आणि हॉटेलच्या भिंतींवर ही चित्रे छापून धंदा करणारे अनेक आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याने जोखीम पत्करली असेल, कष्टही केले असतील. पण ज्या आकृत्यांवर तो धंदा उभा आहे, त्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या बायकांनी घडवल्या. जोखमीचा मोबदला त्याचा असला तरी वारशाचा मोबदला त्याचा नाही. नफ्यातली ही सरमिसळ ओळखणे हा धर्मविचाराचा भाग आहे आणि बौद्धिक संपदेचा कायदा त्याचा फक्त काही अंश पकडू शकतो.

तुकारामांची वही

वारकरी परंपरेत संतांची नावेच व्यवसायांशी जोडलेली आहेत : गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. हरसूलपासून जवळ असलेल्या त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची समाधी आहे आणि पौष वद्य एकादशीला तिथे दिंड्या येतात. या परंपरेने कामाला भक्तीच्या आड येऊ दिले नाही. मात्र या संतांचे व्यवसाय वारशाने आलेले होते. धंद्याच्या चढउताराचा खरा अनुभव तुकारामांच्या चरित्रात आहे. देहूच्या महाजनकीच्या घरातला हा वाणी १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, दिवाळे निघाले. परंपरा सांगते की पुढे त्यांनी घरातल्या कर्जखतांची वाटणी केली, भावाचा हिस्सा भावाला दिला आणि स्वतःच्या हिश्शाची खते इंद्रायणीत सोडली.

या कथेचा अर्थ ‘व्यापार वाईट’ असा लावणे चूक ठरेल. चांगल्या मार्गाने धन मिळवावे आणि उदास मनाने खर्चावे, हा विचार तुकारामांच्या अभंगांत आहेच. कथेतला महत्त्वाचा तपशील वाटणीचा आहे. त्यांनी भावाच्या हिश्शाला हात लावला नाही. दुसऱ्याच्या पैशांवर औदार्य दाखवणे आणि स्वतःचे येणे सोडणे यांत त्यांनी फरक केला. दुष्काळात देणेकऱ्याकडे फेडायला काही नसते आणि घेणेकऱ्याने तगादा लावला तर माणूस मोडतो. त्या प्रसंगी आपला हक्क किती ताणायचा, हा धंद्यातला सर्वांत अवघड धर्मप्रश्न आहे.

जोखीम सर्वांना सारखी नसते

धंदा काढण्याची मोकळीक भारतात सर्वांना कधीच सारखी नव्हती. मनुस्मृतीने शूद्राला धनसंचय करण्याची मुभा नाकारली. आंबेडकरांनी परदेशातून परतल्यावर मुंबईत शेअर आणि गुंतवणुकीबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले तेव्हा तिथे चहा प्यायला सवर्ण येईनात. छत्रपती शाहू महाराज मुद्दाम त्या दुकानात जाऊन चहा पीत. भांडवल, कसब आणि कष्ट हे तिन्ही असूनही धंदा गिऱ्हाइकाच्या मनातल्या विटाळाने बुडू शकतो आणि राजाने घेतलेल्या एका कप चहाने तगूही शकतो, हे यातून दिसते.

जोतीराव फुले यांनी शाळा आणि सत्यशोधक समाजाबरोबर कंत्राटदारीही केली. त्यांच्या दृष्टीने स्वतःचा व्यवसाय हे भटशाहीच्या दयेवर न जगण्याचे साधन होते. १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेने अनुच्छेद १७ द्वारे अस्पृश्यता नष्ट केली आणि अनुच्छेद १९ मध्ये कोणताही व्यवसाय वा व्यापार करण्याचे स्वातंत्र्य दिले. हक्क कागदावर समान झाला तरी पडण्याची उंची समान झाली नाही. ज्याच्या मागे शहरात फ्लॅट, नोकरदार भाऊ आणि ओळखीचा बँक मॅनेजर आहे, त्याचा धंदा बुडाला तर तो दुसरा काढतो. ज्याच्या मागे दोन एकर भातखाचर आहे, त्याचा बुडाला तर तो गिरणारेच्या मजूर बाजारात उभा राहतो. म्हणून ‘जोखीम घेतली’ हे वाक्य दोघांच्या तोंडी सारखे वजन धरत नाही आणि सवलतीच्या कर्जाला भीक म्हणणे हे जोखमीचे चुकीचे मोजमाप आहे. दुसऱ्या शंकेचे उत्तर हे असे आहे.

जोखीम वाटून घेणाऱ्या रचना

जोखीम एकट्याची नसतेच, तर ती उघडपणे वाटून का घेऊ नये, हा विचार नाशिकच्या मातीत फार जुना आहे. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतला लेख आहे. त्यात गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागीर संघांकडे, ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमचे ठेवल्याची नोंद आहे. पैकी २,००० वर दरमहा शेकडा एक आणि १,००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. पहिल्या रकमेच्या वर्षाच्या २४० कार्षापणांतून २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ मिळायचे. मुद्दल कधीच खर्चायचे नव्हते. याच लेण्यातल्या पुढच्या काळातील एका लेखात आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी कुंभार आणि तेली यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचा उल्लेख आहे. कारागिरांना भांडवल, दात्याला पुण्य आणि विहाराला उत्पन्न, असा हा व्यवहार. व्याजाबाबत बौद्ध विहार आणि इस्लाम यांची उत्तरे इथे सरळ भिन्न पडतात. मात्र पैसा एका माणसाच्या दयेवर न सोडता गटाच्या पतीवर सोपवावा, ही जाण प्राचीन आहे.

आधुनिक काळात अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने लोकांकडून एकेक पैसा जमवला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना उभा राहिला. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथे काम करणारी प्रत्येक भगिनी सहमालक असते आणि नफा-तोटा सर्वांत वाटला जातो. आज आदिवासी पट्ट्यात बचतगट आणि वनधन केंद्रे त्याच वाटेने चालतात. गटात हप्त्याची जबाबदारी सर्वांची असल्याने एकीचे मंगळसूत्र वाचते. पण सामूहिक रचनेची किंमतही आहे : निर्णय उशिरा होतात, जी जास्त राबते तिला कमी राबणाऱ्याइतकेच मिळते, आणि अध्यक्ष-सचिवांच्या हाती हिशेब अडकला की गट मोडतो. स्वतःच्या धंद्यातली मोकळीक आणि गटातला आधार या दोन्ही गोष्टी एकदम पूर्ण मिळत नाहीत.

उधारी आणि बाजाराचा विश्वास

या सगळ्या विचारांची कसोटी रोजच्या व्यवहारात लागते, ती वजनकाट्यावर आणि उधारीच्या वहीत. मापात पाप न करणे ही किमान अट झाली. निरक्षर गिऱ्हाइकाच्या नावावर लिहिलेली रक्कम त्याला वाचून दाखवणे, उधारीवर वेगळा भाव न लावणे, सुगीपर्यंत थांबणे आणि पीकच आले नाही तर हप्ते पाडून देणे, ही त्यापुढची पायरी. पालेमोडीत नेमके हेच तुटले होते : घेणाऱ्याला हिशेब ठाऊक नव्हता आणि नाही म्हणायची सोय नव्हती. म्हणून नव्या आदिवासी दुकानदाराचा खरा प्रश्न आपल्या माणसांना उधार द्यावे की नाही एवढाच नाही. जुन्या सावकाराची वही आपल्या हातून पुन्हा लिहिली जात नाही ना, हाही त्याचा प्रश्न आहे. जात एक असली म्हणून व्यवहार न्याय्य होत नाही.

धंद्याला लागणारी आणखी एक गोष्ट कोणीही मालक एकट्याने निर्माण करू शकत नाही : गावातली शांतता. जुलै २०१५ मध्ये हरसूलमध्ये उसळलेल्या दंगलीत दुकाने लुटली आणि जाळली गेली. वर्षानुवर्षे जमवलेला माल, उधारीच्या वह्या आणि गिऱ्हाइकांशी जुळलेले संबंध अशा वेळी काही तासांत नाहीसे होतात. दुकान कोणत्याही धर्माच्या माणसाचे असो, ते शेजाऱ्यांच्या भरवशावर उघडे असते. रस्ता, वीज, पोलीस, न्यायालय आणि रोज समोरून जाणाऱ्यांची सदिच्छा हे सर्व दुकानदाराच्या न लिहिलेल्या भांडवलात मोडते. तिसऱ्या शंकेचे उत्तर बरेचसे इथे मिळते.

निष्कर्ष

धंदा उभारणाऱ्याचा नफ्यावरचा हक्क खरा आहे. अनिश्चितता सोसणे, लोकांची गरज ओळखणे आणि स्वतःचे नाव पणाला लावणे याला मोबदला असला पाहिजे. तो नसेल तर कोणी नवे काही सुरूच करणार नाही आणि हरसूलच्या मुलाला द्राक्षबागेखेरीज वाट उरणार नाही. पण हा हक्क पूर्ण मालकीचा नाही, कारण जोखमीत घर सामील असते, कसबात वारसा आणि विक्रीत समाजाचा विश्वास. बहुतेक परंपरा एवढ्यावर एकमत होतात. कमाईला त्यांनी बंदी घातली नाही. कशातून कमवावे, किती साठवावे आणि अडलेल्याशी कसे वागावे, यांवर मात्र बंधने घातली. व्याज घ्यावे की नाही, मद्याचा व्यापार केव्हा दोषास्पद आणि स्वधर्म जन्माने ठरतो की निवडीने, या मुद्द्यांवर त्यांच्यातला मतभेद कायम आहे. तो मिटवण्याची वाट न पाहता दुकानदाराला तीन गोष्टी करता येतात : ज्यांनी जोखीम वाटून घेतली त्यांना नफ्यातही वाटा देणे, देणेकऱ्याला हिशेब उघडा ठेवणे आणि ज्या वारशावर वा जंगलावर धंदा उभा आहे त्याचे देणे खर्चाच्या बाजूला नियमित लिहिणे. या तिन्ही पाळूनही जे शिल्लक राहते ते त्याचे हक्काचे, आणि ते घेताना त्याला कोणाची क्षमा मागण्याचे कारण नाही.